वाळू पडली, पोलाद आले नाही

विदर्भात पोलाद येणार, असे सध्या सतत वाचायला मिळते. सूरजागडचे लोहखनिज, कोनसरीत सुरू झालेला स्पंज आयर्नचा कारखाना आणि त्याच्या पुढे येऊ घातलेल्या भट्ट्या, घुग्घुस, बुटीबोरी, आणि वर्ध्याजवळ भूगावला नव्वदच्या दशकापासून उभा असलेला, एकामागून एक मालक पाहिलेला मोठा कारखाना. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावकरांना पोलाद दिसते ते नागपूर–तुळजापूर मार्गावरून जाणाऱ्या सळयांच्या ट्रकमध्ये आणि घरकुलाच्या स्लॅबवर बांधलेल्या जाळीत. बातम्यांत दोन आकडे ठळक असतात: गुंतवणूक किती हजार कोटींची आणि उत्पादन किती लाख टनांचे. तिसरा एक आकडा आहे, तो कधीच छापून येत नाही. शंभर लॅडलपैकी किती लॅडल ऑक्सिजनचा पाइप न लावता आपोआप उघडल्या, हा तो आकडा. कारखाना कसा चालतो हे त्या दोन मोठ्या आकड्यांपेक्षा या एका छोट्या आकड्यावरून जास्त कळते, असे माझे ठाम मत आहे. ज्या भागाला पोलाद हवे आहे, त्या भागातल्या लोकांना तो समजला पाहिजे.

लॅडल म्हणजे आतून उष्णतारोधक विटांनी मढवलेले मोठे पोलादी भांडे. भट्टीतून निघालेले पोलाद, सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाचे, तिच्यात घेतात आणि क्रेनने ओतकामाच्या यंत्रावर नेतात. पोलाद काढायचे ते लॅडल कलंडवून नव्हे, तळातल्या भोकातून. वर स्लॅगचा, म्हणजे मळाचा थर तरंगत असतो, तो खाली येऊ नये म्हणून ही व्यवस्था. भोकाच्या खाली स्लाइड गेट असते: मधोमध भोक असलेल्या उष्णतारोधक प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबून बसवलेल्या. एक प्लेट सरकवली की भोके जुळतात आणि धार सुरू होते.

अडचण आहे ती त्याआधीची. गेट बंद आहे, वर पोलाद आहे, आणि मधल्या नोझलमध्ये पोलाद शिरले तर ते तिथेच गोठून बूच बसेल. म्हणून भट्टीतून पोलाद घेण्यापूर्वी त्या नोझलमध्ये वाळू भरतात. पोलादाला टेकलेला वाळूचा वरचा थर तापून चिकटतो आणि दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा पोलाद वर अडवतो, त्याच्या खालची वाळू सुटीच राहते. गेट सरकले की सुटी वाळू खाली पडते, पापुद्र्याखालचा आधार जातो आणि वरच्या पोलादाच्या भाराने तो फुटतो. तीन मीटर उंच पोलादाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या थोडा वर जातो. सात सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर हा भार साधारण ८० किलो होतो. तेवढ्या भाराने फुटावा इतका पापुद्रा पातळ हवा, आणि त्याआधी तास-दोन तास पोलाद थोपवून धरावे इतका जाडही हवा. लॅडल उघडण्याची सगळी विद्या या दोन अटींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे.

पापुद्रा फुटला नाही तर माणूस पुढे येतो. लॅडलच्या खाली, नोझलच्या तोंडाशी, लोखंडी पाइपातून ऑक्सिजन सोडून तो अडथळा जाळतो. कारखान्यात याला लान्सिंग म्हणतात. लान्सिंगने लॅडल बहुतेक वेळा उघडते. पण हे करताना धारेभोवतीची संरक्षक नळी लावता येत नाही, पोलाद उघड्या हवेतून खाली पडते आणि वाटेत ऑक्सिजन व नायट्रोजन ओढून घेते. पोलाद शुद्ध करायला भट्टीत आणि लॅडलमध्ये जी मेहनत घेतली, तिच्यातली बरीचशी त्या काही मिनिटांत वाया जाते. आणि धार सुटते तेव्हा ज्याच्या हातात पाइप असतो, तो त्या धारेपासून पाइपाच्या लांबीइतकाच दूर असतो.

पोलादाला बाहेर काढण्याचा हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. महापाषाणयुगीन लोकांची ही भट्टी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. मातीच्या विटांचे गोल बांधकाम, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि शेजारी मळाचे ढेकूळ. त्या भट्टीत लोखंड वितळतच नसे. मळ वितळून वेगळा व्हायचा आणि लोखंडाचा मऊ, सच्छिद्र गोळा मागे उरायचा. तो बाहेर काढून ठोकून ठोकून घट्ट करायचा. भोक उघडायचे ते मळासाठी, धातूसाठी नव्हे.

महागाव–उमरखेडहून दक्षिणेला पैनगंगा ओलांडून, पुढे गोदावरीच्याही पलीकडे गेले की निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम लागते. तिथल्या कारागिरांचे पोलाद इराणी व्यापारी विकत घ्यायला येत. दमास्कसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारींना असल्याच पोलादाची पाती असत. हेन्री व्हॉयसी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली कृती पाहून लिहून ठेवली. या कारागिरांनी पोलाद खरोखर वितळवले, पण ओतले नाही. बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारे पदार्थ भरायचे, तास न् तास भट्टीत ठेवायचे, सावकाश थंड करायचे आणि मग मूस फोडायची. आत पोलादाची वडी. त्यांचे पोलाद जगात नावाजले गेले, त्याचे एक कारण हेही आहे की त्यांनी गरम पोलादाला हवा लागूच दिली नाही. आजच्या ओतकामातल्या इंजिनिअरची जी धडपड चालते, ती त्या कारागिरांनी मूस बंद ठेवून सहज साधली होती. फक्त एका मुशीत काही किलोच मावत.

इंग्लंडमध्ये शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीतले पोलाद साच्यात ओतायला सुरुवात केली, तेही मूस उचलून वरून. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने हवा फुंकून टनावारी पोलाद करण्याची पद्धत जाहीर केली. एका खेपेला काही टन पोलाद हाती आल्यावर उचलून ओतणे संपले, तळाला भोक असलेली लॅडल आली आणि ते भोक बंद कसे ठेवायचे हा प्रश्नही आला. पहिले उत्तर होते स्टॉपर: मातीच्या नळ्या ओवलेला लोखंडी दांडा, टोकाला गोल बूच, वरून खाली भोकावर टेकवलेला. तरफेने दांडा वर उचलला की धार सुटे. हा दांडा पोलादात बुडालेला असल्यामुळे त्याचे आयुष्य एका खेपेपुरते, आणि त्या एका खेपेतही तो दगा देई. बूच चिकटून बसे, दांडा वाके, नळी तडके. भोक बंदच झाले नाही तर सगळे पोलाद खाली जाई.

सरकत्या प्लेटची कल्पना याला उत्तर म्हणून फार लवकर सुचली होती. अमेरिकेत डी. डी. लुईस याने १८८५ मध्येच तिचे पेटंट घेतले. पण त्या काळी पोलादाची धार सोसतील आणि एकमेकींवर सपाट घासतील अशा प्लेटाच कोणाला करता येत नव्हत्या. कल्पना पाऊणशे वर्षे कागदावर राहिली. १९६० च्या दशकात उच्च ॲल्युमिनाच्या प्लेटा आल्या तेव्हा स्लाइड गेट कारखान्यांत रुजले. त्याच सुमारास दुसरा बदल चालू होता. लॅडल ही नुसती वाहतुकीची वस्तू राहिली नव्हती; तिच्यातच आर्गॉन वायू फुंकून पोलाद ढवळणे, विजेच्या ज्वाळेने पुन्हा तापवणे, निर्वातात वायू काढून टाकणे सुरू झाले होते. पोलाद लॅडलमध्ये दोन-दोन तास राहू लागले. एवढा वेळ स्टॉपर टिकणे शक्य नव्हते, गेट टिकत होते. गेटबरोबर वाळू आली, आणि वाळूबरोबर आजचा प्रश्न.

भारतात हे सगळे उशिरा आले. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद निघाले ते १९१२ च्या फेब्रुवारीत. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ज्या मुकंद कंपनीची सूत्रे हाती घेतली, तिचा मुंबईचा कारखाना देशात कंटिन्युअस कास्टिंग, म्हणजे सलग ओतकाम, सर्वांत आधी करणाऱ्यांपैकी. सलग ओतकामाने लॅडलच्या तोंडाचे मोल एकदम वाढले, कारण इथे पोलादाची धार तुटून चालत नाही. लॅडलच्या खाली टंडिश नावाचा छोटा हौद असतो. एक लॅडल संपून दुसरी येईपर्यंत यंत्र त्या हौदातल्या साठ्यावर चालते. तो साठा मिनिटांचा. नवी लॅडल तेवढ्या वेळात उघडली नाही तर हौदातली पातळी उतरते, वरचा मळ साच्यात ओढला जातो, आणि शेवटी यंत्र थांबवावे लागते. उघडलीच नाही तर शंभर-दीडशे टन तयार पोलाद परत भट्टीकडे. जुन्या पद्धतीत, एकेक साचा भरताना, पाच मिनिटे उशीर म्हणजे पाच मिनिटे उशीर एवढेच होते.

या इतिहासात आपल्या भागाचे स्थान कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ मध्येच सुरू केलेली. हा मुलूख त्यांच्या परिचयाचा होता. चांद्याजवळच्या लोहाऱ्याचे खनिज उत्तम निघाले, पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा ठरला नाही. वीस वर्षांनी त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड पुन्हा चांद्यात हिंडले आणि निराश झाले. त्याच काळात नागपूरला सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत असताना दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोहखनिजाची गडद खूण. त्यांनी जाऊन पाहिले: दल्ली आणि राजहरा हे डोंगरच्या डोंगर लोखंडाचे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी ही नोंद आधीच केलेली होती. कारखाना शेवटी बोस यांनीच दाखवलेल्या मयूरभंजच्या गोरुमहिसानी खनिजावर उभा राहिला, पण दल्ली-राजहरा वाया गेले नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईला पोलाद कारखाना उभा राहिला, तो याच डोंगरांच्या भरवशावर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी तिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ आजवर भिलाईने पुरवले.

म्हणजे अहवाल आमच्या जमिनीचा, नकाशा आमच्या नागपूरच्या संग्रहालयातला. खनिज, कोळसा, वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांतला चुना, हे सगळे या भागाने दिले. पोलाद हाताळण्याची विद्या मात्र इथे आली नाही. नायकुंडला लोखंडाची विद्या होती. पुढे चांद्याच्या जंगलात गावठी भट्ट्या पेटत होत्या तोवर तिचा काही अंश टिकून होता. विलायती लोखंड आल्यावर त्या विझल्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेणारी शकुंतला ही रेल्वेगाडी धावू लागली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टरचे. या जिल्ह्याने पोलाद शंभर वर्षे वापरले, ते कसे होते हे न पाहता.

आता ते पाहण्याची वेळ आली आहे, आणि पाहायचे तर लॅडल बेमध्ये, जिथे रिकामी झालेली लॅडल पुढच्या खेपेसाठी तयार करतात. पोलाद ओतून आलेली लॅडल आडवी झोपवतात. आतल्या विटा अजून लालसर धगधगत असतात. नोझलच्या कडेला आणि वेल ब्लॉकवर, म्हणजे नोझलभोवतीच्या मोठ्या विटेवर, गोठलेले पोलाद आणि मळ चिकटलेला असतो. तो ऑक्सिजनने जाळून साफ करायचा, भोक आरपार मोकळे झाले का ते डोळ्यांनी पाहायचे. प्लेटा तपासायच्या, झिजल्या असतील तर बदलायच्या. लॅडल उभी करायची, गेट बंद करायचे आणि मग वाळू. चांगल्या कारखान्यात ती नळीतून किंवा पन्हाळीतून नेमकी भोकावर सोडतात, इतकी की नोझल भरून वर एक उंचवटा राहावा. हा उंचवटा महत्त्वाचा. पोलादाची पहिली धार तळावर आदळते तेव्हा ती वाळू उधळते. वर ढीग नसला तर धार थेट नोझलमधली वाळू उपसून काढते आणि त्या जागी पोलाद जाऊन बसते. बऱ्याच ठिकाणी मात्र माणूस वरून पिशवीच फेकतो. खाली हजार अंशांची धग असते, तो वाकून पाहू शकत नाही. पिशवी भोकावर पडली तर ठीक, हातभर बाजूला पडली तर लॅडल उघडण्याची शक्यता तिथेच संपली. हे मात्र तासाभराने, ओतकामाच्या यंत्रावर गेल्यावर कळते, आणि तिथे उभा असलेला माणूस वेगळा असतो.

वाळूही साधी नव्हे. चांगल्या लॅडल-वाळूत क्रोमाइट मुख्य असते, जोडीला सिलिका आणि अगदी थोडा कार्बन. क्रोमाइट जड असते, फार उंच तापमानाला तग धरते आणि पोलाद त्यात सहजी मुरत नाही. सिलिका लवकर मऊ होऊन पापुद्रा धरायला मदत करते. कार्बन कण एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. सिलिका कमी पडली तर पापुद्राच धरत नाही आणि पोलाद खाली झिरपते. ती जास्त झाली, किंवा पोलादात मँगनीज भरपूर असले, तर पापुद्रा काचेसारखा जाड होतो. पोलाद फार वेळ लॅडलमध्ये राहिले तर कार्बन क्रोमाइटमधून लोखंडाचे बारीक थेंब सोडवतो आणि तेच थेंब कणांना सांधतात. सगळ्या पोलादांना आणि सगळ्या वेळांना एकच वाळू चालत नाही, ती यामुळे. सिलिका वाळूसाठी कणकवली तालुक्यातले कासार्डे ओतकामवाल्यांना ठाऊक आहे. क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंद्याचे किंवा दक्षिण आफ्रिकेचे येते. सिंधुदुर्गात आणि भंडारा जिल्ह्यात पवनीला त्याचे साठे आहेत, पण लहान. एका लॅडलला ही वाळू लागते काही किलोंपासून फार तर पन्नास-साठ किलो. शंभर टन पोलादाच्या किमतीपुढे ती किंमत हिशेबातही धरू नये अशी आहे. तरीही खरेदी खात्यात दर किलोमागे दोन रुपये वाचवल्याबद्दल पाठ थोपटली जाते आणि पावसाळ्यात ओलसर पोत्यातली वाळू लॅडलमध्ये जाते. ओली वाळू भोकात घट्ट बसते, कधी वाफ उसळते. कोरड्या पोत्याची काळजी हा खर्चाचा प्रश्न नाही, लक्ष देण्याचा आहे, आणि या गोष्टीत मी कारखान्याच्या व्यवस्थापनाला कोणतीही सूट द्यायला तयार नाही.

लॅडल उघडली नाही की कारण शोधायची एक साधी खूण आहे, आणि जुने कामगार ती विचारतात: वाळू पडली का? गेट सरकले, वाळू पडली, पोलाद आले नाही, तर पापुद्रा जाड झाला. दोष वाळूच्या मिश्रणात, किंवा पोलाद फार वेळ थांबले त्यात. गेट सरकले आणि वाळूच पडली नाही, तर वाळू ओली होती, किंवा भोक नीट साफ झाले नव्हते, किंवा रिकाम्या तप्त लॅडलमध्ये ती फार आधी भरून ठेवली आणि पोलाद यायच्या आतच भाजून निघाली. पाइप वर घातला आणि तो वाळूऐवजी गोठलेल्या पोलादाला अडला, तर वाळू जागेवर राहिलीच नव्हती. भट्टीतून पोलाद घेताना धार भोकावर आदळली, किंवा आर्गॉनचा बुडबुडा भोकाच्या फार जवळून उसळला. तिन्ही रोग वेगळे, तिन्हींवरचे उपाय वेगळे. पण वहीत लिहिले जाते एवढेच: लॅडल उघडली नाही, लान्सिंग केले. मग बैठक होते, वाळूचा पुरवठादार बदलतो, काही दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच. खरा रोग कधी पिशवी फेकणाऱ्या हातात असतो, कधी पोलाद घेणाऱ्याच्या घाईत. ती पिशवी फेकणाऱ्यालाही पन्हाळी कोणी दिलेली नसते.

अठ्ठ्याण्णव टक्के लॅडल आपोआप उघडतात, असे एखादा कारखाना अभिमानाने सांगतो. दिवसाला तीस लॅडल ओतणाऱ्या ठिकाणी उरलेले दोन टक्के म्हणजे आठवड्यात चार वेळा कोणीतरी धगधगत्या लॅडलखाली पाइप घेऊन उभा. हेच प्रमाण साडेनव्याण्णवला नेले तर आठवड्यातून एकदा. साडेनव्याण्णव अशक्य नाही. जगातले उत्तम कारखाने तिथे पोहोचले आहेत, आणि त्यासाठी त्यांना कुठला चमत्कार करावा लागला नाही. चीनमध्ये शेनयांगच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने वाळूऐवजी लोखंडाचे कण भरून ते विद्युतचुंबकीय उष्णतेने वितळवण्याची पद्धत विकसित केली आहे. अशी यंत्रे येतील तेव्हा यावीत. पण भोक साफ ठेवणे, वाळू कोरडी ठेवणे, ती शेवटच्या क्षणी आणि नेमक्या जागी टाकणे, फेरोअलॉय, म्हणजे पोलादात मिसळायचे मिश्रधातू, आणि चुना भोकावर न पडू देणे, प्रत्येक अपयशाचे कारण त्याच पाळीत लिहिणे, एवढ्यावरच बहुतेक अंतर कापले जाते.

सळईपुरते पाहिले तर कोणी म्हणेल, थोडी हवा लागली तर काय बिघडले? जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांतली सळई राज्यभर जाते, घरकुले उभी आहेत. सळईला बरेच काही खपते हे खरे. रुळाला खपत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी ॲल्युमिनियमचा संयोग होऊन जे बारीक कठीण कण पोलादात अडकतात, त्यांच्यापासून रुळाच्या माथ्याखाली भेग सुरू होते, आणि चाकामागून चाक जाताना ती वाढत जाते. म्हणून चांगल्या कारखान्यात लान्सिंग केलेल्या लॅडलचे पहिले पोलाद वेगळे काढतात, खालच्या कामाला देतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पुढे तो दिग्रस, पुसद, उमरखेडच्या बाजूला यायचा आहे. आपल्या दाराशी येणारे रूळ ज्या पोलादाचे असतील, त्याची लॅडल कशी उघडली याच्याशी आपला संबंध आहे. आणि सळईलासुद्धा थोडे खपते म्हणून कामगाराने लॅडलखाली जाऊन उभे राहावे, हे मला मान्य नाही.

लॅडल बेमधले काम कारखान्याच्या उतरंडीत सर्वांत खाली समजले जाते. बहुतेक ठिकाणी ते कंत्राटदाराकडे असते. माणसे बदलत राहतात, आज आलेला तीन महिन्यांनी दिसत नाही, आणि तीन महिन्यांत त्याने जे डोळ्यांनी शिकलेले असते ते त्याच्याबरोबर जाते. भट्टीवरच्या मेल्टरला मान आहे, ओतकामाच्या यंत्रावरच्या ऑपरेटरला प्रशिक्षण आहे. या दोघांचे यश ज्याच्या अर्ध्या तासाच्या कामावर टेकलेले आहे त्याला दोन्ही नाही. नायकुंडच्या भट्टीजवळ भाता चालवणारा आणि कोनासमुद्रमला मूस लिंपणारा हे त्या त्या कामाचे जाणकार होते. त्यांचे ज्ञान घराण्यात मुरलेले होते. आज ते ज्ञान घराण्यात नसेल, नसायलाच हवे. पण ते कुठेतरी मुरले पाहिजे, आणि दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी टोळीत ते मुरणार नाही.

महागाव, पुसद, उमरखेडची मुले आयटीआय करून फिटर, वेल्डर होतात आणि कामासाठी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी काही जण उद्या कोनसरीला, भूगावला जातील. तिथे त्यांना फाटकावर हजेरी लावणारा हात म्हणून घ्यायचे, की अप्रेंटिस म्हणून वर्षभर लॅडल बेमध्ये उभे करून प्लेट कशी पाहावी, भोक केव्हा साफ झाले म्हणावे, वाळूचा ढीग किती ठेवावा हे शिकवायचे, हे ठरवणे आताच्या हातात आहे. भट्टी पेटल्यावर कोणाला वेळ नसतो. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. नव्या पोलाद प्रकल्पांच्या जनसुनावणीत लोक जमीन, जंगल, पाणी, धूर आणि नोकऱ्या यांवर प्रश्न विचारतात, ते विचारलेच पाहिजेत. त्यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. लॅडल तयार करणारी माणसे कायम असतील की कंत्राटी, आणि त्यांना शिकवण्याची जबाबदारी कोणाची? आणि आपोआप उघडलेल्या लॅडलचा महिन्याचा आकडा कारखान्याच्या फाटकावर, अपघातांच्या फलकाशेजारी, लावला जाईल का? दोन्ही उत्तरे लेखी मागावीत.